सांदणातलं मीठ

इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं हे ज्या बाईला ओळखता येत नव्हतं, तिलाच आमच्या वसाहतीत जुगाराचा परवाना मिळाला. आता बोला!

जुगार म्हटलेलं आमच्या ह्यांना आवडत नसे. "अगं, हौजी म्हण, करमणूक म्हण," असं सांगायचे. पण आमच्या तेल कंपनीचा क्लबसाहेब त्याला जुगारच समजायचा आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. कुंपणाबाहेर, अबू हलीफाच्या बाजारात, कुणी पैसे लावून फासा जरी टाकला असता तरी पोलीस उचलून घेऊन गेले असते. कुंपणाच्या आत कंपनीचं राज्य. तिथं गुरुवारी संध्याकाळी, पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायची ती हौजी खेळायला परवानगी होती, पण एका माणसाच्या नावावर. त्या माणसानं आकडे काढायचे, त्यानंच पुकारायचे, आणि काही वेडंवाकडं झालं तर त्यानंच साहेबापुढे उभं राहायचं. कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा, तेव्हाची ही गोष्ट.

त्याआधी हौजी माझ्या घरी होत असे. दर गुरुवारी. वसाहतीतली दहाबारा मराठी कुटुंबं यायची आणि आकडे मी पुकारायची. इंग्रजांचे ते अठ्ठ्याऐंशीला 'दोन जाड्या बायका' वगैरे प्रकार मी उचलले नव्हते. माझे स्वतःचे होते. सोळा आला की "सोमवार धरलेली नवरी", सात आला की "अडकलात सप्तपदीत", छत्तीस आला की "नणंदभावजय". लोक हसून हसून डोळे पुसायचे. ह्या वाळवंटात दिवसभर मला विचारणारं कुणी नव्हतं. हे ऑफिसात, मुलं शाळेत, बाहेर ऊन आणि आत पंखा. गुरुवारी मात्र मी कुणीतरी असे. माणसं वाढली, घर पुरेना, म्हणून क्लबचा हॉल मागितला आणि तिथं परवान्याचं निघालं.

क्लबसाहेब स्वतः आला. त्याच्या अटी ऐकून आमच्या मंडळींचे चेहरे उतरले. परवाना घेणारा कंपनीच्या नोकरीत हवा. तो स्वतः पैसे लावून खेळणारा नको. परवाना घेतल्यावर त्यानं किंवा त्याच्या घरच्या कुणी बक्षीस जिंकायचं नाही. सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. एकजात सगळे रमीवाले! ह्यांच्याकडे तर साहेबानं पाहिलंसुद्धा नाही, कारण आदल्याच आठवड्यात तो स्वतः ह्यांच्याकडून हरला होता. मग मी उभी राहिले. म्हटलं, मी घेते. साहेब अदबीनं म्हणाला की मॅडम नोकरीत नाहीत, आणि त्याच्या माहितीप्रमाणे मॅडम खेळतातही. बसले खाली. काय करणार?

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "टेलिफोनवरच्या सकीनाआपा?"

सकीनाआपा रत्नागिरीकडच्या. नवरा कंपनीच्या धक्क्यावर कारकून होता, तो गेला. आपा लग्नाआधी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणून कंपनीनं त्यांना इथल्या बोर्डावर बसवलं. पांढरी सुती साडी, डोक्यावरून पदर, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. पाठ ताठ. आणि आवाज! त्या आवाजासाठीच लोक फोन करायचे असं आमचे हे एकदा चहा पिताना बोलून गेले. त्या दिवशी त्यांना दुसरा कप मिळाला नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "थांबा. जोडते." बोर्डावर दिवसभर तेच म्हणायचं, ते त्यांच्या जिभेवर बसलं होतं. दोन बायकांचं नळावर भांडण जुंपलं तरी आपा मध्ये जाऊन म्हणायच्या, "थांबा. जोडते." आणि कशा कोण जाणे, जोडायच्या. मी पंधरा दिवस जिच्याशी बोलत नव्हते त्या शेजारणीशीही त्यांनी माझं असंच जोडून दिलं होतं. मला जोडायचं नव्हतं, पण विचारतो कोण!

तर परवाना ह्या बाईला. ज्यांच्या धर्मात जुगाराचं नाव काढायचं नाही, त्यांना. त्यांचा थोरला भाऊ कंपनीच्या टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, सारंग होता. दाढी पांढरी, बोलणं समुद्रावरचं. तो हॉलच्या दारात येऊन ओरडला की तुला काही लाजशरम आहे का, जमातीत तोंड दाखवायला जागा ठेवणार की नाही. सगळ्यांच्या देखत. मी मनात म्हटलं, आता सोडते ही बाई पुकारायची खुर्ची. कसलं काय! आपांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भाई, मी खेळत नाय, त्यातलं काय घेत नाय, घरात आणत नाय. आकडे तर मी दिवसभर सांगते. हे लोक चोरून खेळण्यापेक्षा माझ्यासमोर खेळलेले बरे." भाई तसाच परत फिरला आणि पुढे कितीतरी दिवस बहिणीकडे आला नाही. आपा दर जुम्म्याला त्याच्यासाठी डबा पाठवायच्या. डबा रिकामा होऊन यायचा, एवढंच त्यांचं बोलणं.

आता त्यांचं पुकारणं. मला वाटलं होतं, माझे सोळा सोमवार आणि नणंदभावजय तरी उचलतील, मग मी म्हणेन की बघा, माझंच आहे. त्यांनी एकही उचललं नाही. लाकडी सोंगटी पिशवीतून काढायची, पुढच्या रांगेतल्या माणसाला दाखवायची आणि फोनवर सांगतात तसं सांगायचं. "चार, सात. सत्तेचाळीस." बस्स. ना विनोद, ना काही. आणि लोक कान टवकारून ऐकायचे. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल. माझ्या घरी एवढी शांतता मी कधी बघितली नव्हती. मी तिसऱ्या रांगेत तिकिटं घेऊन बसायचे आणि आतून जळायचे. हो, जळायचे. दुसरा शब्द कशाला शोधू?

खरी गंमत झाली ती 'घरच्यां'वरून. कंपनीत आपल्याकडची सडीफटिंग पोरं पुष्कळ होती. त्यांतली पाचसहा जणं गुरुवारी दुपारी आपांकडे जेवायला असत. गुरुवारी त्यांच्याकडे मासे. त्यांतल्या एकाला पहिल्याच महिन्यात फुल हाउस लागलं, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे भरले. तो उड्या मारत पुढे गेला. आपांनी तिकीट तपासलं, बरोबर होतं. मग विचारलं, "आज दुपारी जेवलास कुठं?"

तो म्हणाला, "तुमच्याकडंच की, आपा."

"मग तू माझ्या घरचा. माझं मीठ खाल्लंस आज. तुला बक्षीस नाय."

हॉलमध्ये गलका झाला. साहेबाच्या अटीत घरचा म्हणजे नवरा, मुलं, भाऊ असं असणार, हे सगळ्यांनी सांगून पाहिलं. आपा ऐकेनात. साहेबाच्या घरी कोण घरचं असतं ते साहेबाला ठाऊक, आमच्याकडे मीठ खाल्लं की तो घरचा, असं म्हणून त्यांनी सोंगट्या पुन्हा पिशवीत भरल्या. तेव्हापासून नियमच झाला. फुल हाउस लागलं की आपा प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायच्या, आज माझ्याकडचं काही खाल्लंत? साहेबाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणे खूप हसला आणि म्हणाला की परवाना योग्य हातात आहे.

मला वाटलं, आता पोरं चिडतील, जेवण सोडतील, आपांची हवा उतरेल. पोरांनी काय करावं? जेवण ठेवलं आणि हौजी सोडली! हॉलमध्ये येऊन नुसती मागे उभी राहून बघायची. मी त्यातल्या एकाला विचारलंसुद्धा की अरे, एका दुपारच्या माशासाठी? तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आपांचं तिखलं खाल्लं नाहीत." मी जन्मानं कर्णिकांची, कायस्थाची मुलगी. माशाचं मला हा पोरगा सांगतो!

आणि ही बाई स्वतः मात्र कुणाकडे पाण्याशिवाय काही घेत नसे. मी संक्रांतीला बोलावलं, दिवाळीला बोलावलं. यायच्या, बसायच्या, मुलांना जवळ घ्यायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि निघायच्या. मला वाटलं, आमच्या हातचं चालत नसेल. मग कळलं, त्यांच्या जमातीतही तसंच. मग वाटलं, गर्व. मी हे चार जणींना बोलूनही दाखवलं. खोटं कशाला बोलू, त्यांच्यातलं काहीतरी नाव ठेवण्यासारखं सापडावं असं मला फार वाटायचं.

म्हणूनच एकदा मी त्यांच्या घरी गेले. त्या कामावर असतील अशी वेळ बघून गेले, गुरुवारी दुपारी उशिरा, पोरं जेवून गेल्यावर. निमित्त काय, तर भरतकामाचा नमुना हवा होता. घरात त्यांची म्हातारी अम्मा, डोळ्यांनी जवळजवळ अधू. मी सगळं घर नजरेनं पालथं घातलं. काय होतं? एक खाट, एक रेडिओ, खुंटीला धुतलेली सुती साडी. माझ्याही घरात ह्याहून जास्त होतं. अम्मानं मला हात धरून बसवलं, कोण कुठली विचारलं नाही, बशीत सांदण आणि नारळाचं दूध पुढे ठेवलं. तांदळाच्या रव्याचं, मऊ, पिवळसर. मी दोन खाल्ली. तिसरंही खाल्लं असतं. रस्त्याला लागले तेव्हा मला माझाच राग आला होता, कारण ते फार सुंदर होतं.

त्याच संध्याकाळी वर्षाची मोठी हौजी होती. बक्षीस होतं शिलाईचं यंत्र. हवल्ली गावातल्या एका दुकानात मी ते कितीदा काचेतून बघितलं होतं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं. ह्यांना सांगून सांगून थकले होते. हॉल खचाखच भरला होता. माझं तिकीट भरत गेलं, भरत गेलं, शेवटचा एक आकडा राहिला. आपांनी सोंगटी काढली. "तीन, सहा. छत्तीस."

मी ओरडले. नणंदभावजयांनीच मला तारलं असं म्हणत पुढे गेले. आपांनी तिकीट तपासलं, मान हलवली आणि नेहमीचं विचारलं, "वहिनी, आज माझ्याकडचं काही खाल्लंत?"

सगळे हसायला लागले, कारण मी त्यांच्याकडे जाणं शक्यच नव्हतं, सगळ्या वसाहतीला ते माहीत होतं. मी दुपारी जाऊन आले हे आपांनाही माहीत नव्हतं. त्या ड्यूटीवरून थेट हॉलवर आल्या होत्या, आणि अम्माला मी माझं नाव सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर यंत्र माझं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सांदण खाल्लं. अम्मानं दिलं."

हसणं थांबलं. का सांगितलं मी? चांगुलपणानं नव्हे, सांगून ठेवते. त्या बाईनं त्या आवाजात विचारलं की खोटं बाहेर पडत नसे, एवढंच. आणि लगेच मला इतका संताप आला की मी म्हटलं, "पण सांदण गोड असतं. सांदणात मीठ कुठं असतं?"

आपांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच दुःख बघितलं. मग म्हणाल्या, "असतं, वहिनी. चिमूटभर. अम्मा घालते."

यंत्र दुसऱ्या कुणाला गेलं. कुणाला ते मी बघितलं नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "तू शहाणीच आहेस, कोणी पाहिलं होतं?" आणि त्या रात्री मी ह्यांच्याशीही बोलले नाही.

त्यानंतर मी ठरवलं, ती खुर्ची मी घेणार. टायपिंग शिकले. ह्या वयात! बोटं दुखायची. कंपनीच्या शाळेच्या कचेरीत नोकरी धरली. हौजी खेळणं बंद केलं. तिकिटाला हात लावला नाही. बायका म्हणाल्या, नलूवहिनी सुधारल्या. मी कसली सुधारतेय, मी वाट बघत होते.

आणि तसंच झालं. रुपया जाऊन दिनार आला, क्लबसाहेब बदलला, आणि एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारं नवं यंत्र बसलं. लोक स्वतःच आकडे फिरवायला लागले. 'थांबा, जोडते' म्हणणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. आपा परत जाणार असं ठरलं. अम्मालाही गावाकडच्या घराची ओढ लागली होती. परवान्यासाठी मी अर्ज केला तेव्हा नवा साहेब म्हणाला, की अर्जाची गरज नाही, जुन्या परवानेवाल्या बाईंनी आधीच तुमचं नाव सांगितलं आहे.

मी आपांना वाटेत गाठलं आणि सरळ विचारलं की माझं नाव का सांगितलंत, मी काही तुमच्यातली नव्हे. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हाला नाय म्हणता आलं असतं. मला कळलंही नसतं. ज्याला नाय म्हणता येत असून जो हो म्हणतो, त्यालाच हे द्यावं."

बघा म्हणजे! एवढी वर्षं ज्या खुर्चीसाठी मी जळले, ती शेवटी त्यांच्याच हातून मला घ्यावी लागली. ओढून घेतली असती तर माझी झाली असती.

जाण्याच्या आदल्या गुरुवारी दुपारी आपा माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "वहिनी, आज तुमच्याकडं जेवणार." मी थक्क. घरात वालाचं बिरडं होतं, बाकी विशेष काही नाही. म्हटलं, आधी सांगितलं असतं तर काही केलं असतं. त्या पाटावर बसल्यासुद्धा. आणि जेवल्या! मी कुणा बाईला इतक्या मनापासून जेवताना पाहिलं नाही. भात संपला की ताट पुढे करायच्या. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही जेवलात? तेव्हा म्हणाल्या, की ज्याचं खाल्लं असतं त्याच्या घरची झाले असते, मग त्याचं तिकीट तपासताना हात कचरला असता. खुर्ची घेतली तेव्हापासून कुणाकडे खाल्लं नाही. आज ती तुमची, आज मी मोकळी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं. मला वाटलं, बाई शेवटी माझ्यासाठी म्हणून जेवायला आली.

संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. नवी साडी नेसले होते. पिशवी मांडीवर. आणि बघते तर आपा तिसऱ्या रांगेत, माझ्या जुन्या जागेवर, हातात तिकीट! त्यांच्या भाईनंही दारातून बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले. तो पुढे होऊन काही बोलणार, तोच आपा म्हणाल्या, "भाई, मी आज वहिनींचं मीठ खाल्लंय. मी जिंकूच शकत नाय. मग हा जुगार कसला? मुलांसारखी खेळतेय." भाई चक्क बहिणीच्या शेजारी जाऊन बसला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाई कशासाठी जेवली ते.

मी पुकारायला लागले. सोळा आला, मी "सोमवार धरलेली नवरी" म्हटलं. दोघेतिघे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, नुसता आकडा सांगा ना." सगळ्यांचं लक्ष त्या तिसऱ्या रांगेकडे होतं. आपा आकडा खोडताना जीभ दातांत धरायच्या, भाईला तिकीट दाखवायच्या, शेजारच्या पोराला कोपरानं ढोसायच्या. इतकी वर्षं ताठ बसलेली ती पाठ खुर्चीला टेकलेली मी पहिल्यांदा पाहिली. आणि फुल हाउस कुणाला लागावं? "झालं! माझं झालं!" तोच आवाज, पण मोठ्यानं, लहान मुलीसारखा.

त्या तिकीट घेऊन पुढे आल्या. मी तपासलं. बरोबर होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी विचारलं, "आपा, आज जेवलात कुठं?"

"तुमच्याकडं, वहिनी. बिरडं. तीनदा भात घेतला."

"मग तुम्ही माझ्या घरच्या. तुम्हाला बक्षीस नाही."

काय तो गजर झाला! पोरं बाकांवर उभी राहिली. हरलेल्या माणसासाठी इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. मागून कुणी वात्रटानं ओरडून विचारलं, की आपा, बिरड्यात मीठ होतं का? आपा वळल्या, पदर सावरला आणि हसत म्हणाल्या, "होतं. जरा जास्तच होतं."

हॉल कोसळला हसण्यानं. आपांनी ते तिकीट फाडलं नाही, घडी करून नवऱ्याच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवलं आणि भाईचा हात धरून दाराबाहेर पडल्या. लोक अजून त्या दाराकडे तोंड करूनच टाळ्या वाजवत होते. परवाना माझा होता, खुर्ची माझी होती, पिशवी माझ्या मांडीवर होती, आणि मी जागच्या जागी जळून गेले. त्या बाईचा मला आजही हेवा वाटतो, तिची आठवणही येते, आणि तरी सांगते, बिरड्यात मीठ मुळीच जास्त नव्हतं.